जंगल तुटते कुणाचे, घागर रिकामी कुणाची?

जंगलतोडीचा विषय काढला की आमच्या परभणीकडचा माणूस हसून म्हणतो, "आपल्याकडं जंगल हायच कुठं तुटायला?" त्याचे म्हणणे खोटे नाही. पोखर्णीहून गंगाखेडकडे जा नाहीतर परभणीकडे जा, दोन्ही अंगांना काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. बांधावर एखादी बाभूळ, एखादा लिंब. राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांत आपला जिल्हा मोडतो. तेव्हा घनदाट, बारमाही हिरव्या जंगलाशी आपला काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण वाचक बंधू-भगिनींनो, हा संबंध आपल्या चुलीपासून सुरू होतो आणि पिण्याच्या घागरीपर्यंत जातो. म्हणून थोडा वेळ काढून वाचावे ही विनंती.

प्रथम चूलच घेऊ. २०२३ साली गुढीपाडवा ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती या काळासाठी शासनाने रेशनवर 'आनंदाचा शिधा' दिला. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. आधीच्या दिवाळीतही असाच शिधा मिळाला होता. आमच्या लहानपणी रेशनवर पामोलिन मिळायचे, थंडीत गोठून बसायचे आणि आई डबा चुलीच्या कडेला ठेवायची, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. हे तेल येते कुठून? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा असतो. जगातले बहुतेक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन देश काढतात. जिथे आज एका रांगेत पामची झाडे उभी आहेत, त्यातल्या फार मोठ्या भागावर पूर्वी पावसाळी जंगल होते. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरचे ते जंगल आधी लाकडासाठी तोडले गेले, उरलेले जाळून साफ केले आणि मग लागवड झाली.

ही आग साधी नसते. तिथल्या सखल भागात हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली कुजून साचलेला असतो. चर खणून पाणी काढले की तो वाळतो, आणि एकदा पेटला की जमिनीखाली महिनोन्‌महिने धुमसत राहतो. १९९७ साली हीच आग इतकी भडकली की तिचा धूर सिंगापूर आणि मलेशियावर पसरला आणि सप्टेंबरात मलेशियाच्या सारावाक राज्यात आणीबाणी जाहीर करावी लागली. २०१५ साली पुन्हा तेच. जंगलातले ओरांगउटान मेले त्याची छायाचित्रे जगभर छापून आली. पण त्या धुरात खोकणारी मळ्यातल्या मजुरांची लेकरे कुणी फारशी छापली नाहीत. आणि जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या दायक लोकांच्या जमिनी कंपन्यांच्या नावे झाल्या. त्यांच्यापैकी कित्येक आज त्याच जमिनीवर रोजंदारीने घड उतरवतात.

इथे कुणी म्हणेल, मग काय गरिबाने तेल खाऊ नये? तसे मुळीच नाही. शंभर रुपयांचा शिधा घेणाऱ्या बाईला दोषी ठरवणे हा शहाण्यांचा आवडता उद्योग आहे, मला तो मान्य नाही. तिला शेंगदाण्याचे, करडईचे तेल परवडत असते तर तिने पामतेल घेतलेच नसते. करडई तर आपल्याच मराठवाड्याचे पीक. ते बांधावरून हटले आणि घाणे बंद पडले, याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. एवढे मात्र लक्षात घ्यावे की दूरच्या जंगलावर आपली फोडणी अवलंबून आहे. २८ एप्रिल २०२२ ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली, ती २३ मेपर्यंत बंद होती. युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचे तेल आधीच अडले होते. त्या दिवसांत दुकानात पिशवीचा भाव विचारून परत फिरणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

चूल झाली, आता मोंढा. दिवाळीच्या आधी आपला शेतकरी सोयाबीन घेऊन मोंढ्यात उभा राहतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला होता आणि बाजारात त्याहून बरेच कमी मिळत होते. व्यापारी सांगतो, बाहेर माल मोप आहे. त्या 'बाहेर'चे मोठे नाव ब्राझील. सोयाबीन पिकवण्यात आज तो जगात पहिला आहे. त्या देशात ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात जगातले सर्वांत मोठे पावसाळी जंगल आहे. त्यातले सर्वाधिक तुटले ते गुरांच्या चराईसाठी, मांसाच्या धंद्यासाठी. पाठोपाठ सोयाबीन आले. बोभाटा झाल्यावर २००६ साली मोठ्या व्यापारी कंपन्यांनी करार केला की नव्याने जंगल तोडलेल्या शेतातले सोयाबीन घ्यायचे नाही. त्याचा उपयोगही झाला. पण नांगर थांबला नाही, तो शेजारच्या सेराडो नावाच्या झाडोऱ्याच्या मुलखाकडे वळला. मी वाणिज्य शाखेचा माणूस. मला यात दिसते ते असे: जंगलाची किंमत ज्याने भरली नाही त्याचा माल स्वस्त पडतो, आणि पोखर्णीचा दोन एकरवाला त्या स्वस्त मालाशी भाव लावत बसतो.

त्याच ॲमेझॉनमध्ये चिको मेंडेस नावाचा मजूर पुढारी होऊन गेला. जंगलातल्या रबराच्या झाडाला चीर देऊन चीक गोळा करणे हा त्याचा व्यवसाय, लहानपणापासूनचा. शाळा नाही, मोठेपणी अक्षरओळख झाली. जंगल राहिले तर आमची भाकर राहील, म्हणून त्याने रबर गोळा करणाऱ्यांची युनियन बांधली. तोडणाऱ्या टोळीपुढे बायका-मुलांसह माणसे नुसती उभी राहायची. २२ डिसेंबर १९८८ रोजी त्याच्या घराच्या मागच्या दारात त्याला गोळी घातली. पुढे एका जमीनदाराला आणि त्याच्या मुलाला शिक्षा झाली. आपल्याकडे हिमालयातल्या रेणी गावात मार्च १९७४ मध्ये गौरादेवीने गावातल्या बाया घेऊन ठेकेदाराची माणसे परत पाठवली, ती गोष्ट याच जातीची. झाडाला मिठी मारणे हे शहरात चित्रात काढण्यासारखे वाटते. पण रेणीच्या बायांना सरपण, चारा आणि पाणी हवे होते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पावसाळी जंगल काय फक्त ब्राझीलमध्येच आहे? आपल्या सह्याद्रीत आहे. कोयना, चांदोली, राधानगरी, आंबोली, तिळारी, भीमाशंकर इथे वर्षभर हिरवे राहणारे रान आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, फणस, हिरडा, वेलींनी बांधलेले आणि आत ऊन न शिरणारे. आपला राज्यप्राणी शेकरू याच रानातला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या आपल्या चार आहेत.

अशा रानात पाऊस पडतो तो सरळ मातीवर पडत नाही. वरच्या पानावर, मग खालच्या पानावर, मग झुडपावर, मग वीतभर पालापाचोळ्यावर, असा तो उतरतो. गादीत पाणी मुरावे तसे मुरते आणि थेंब थेंब करून उन्हाळ्यापर्यंत झऱ्याला येत राहते. मुळ्या मातीला गोधडीच्या टाक्यासारख्या धरून ठेवतात. टाके उसवले की काय होते, ते आपण पुढे पाहू.

हे रान उसवायला सुरुवात केली इंग्रजांनी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखाली घालायच्या लाकडी स्लीपरसाठी देशभर कुऱ्हाड चालली. लाकूड हातचे जाऊ नये म्हणून १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले. त्यांनी जंगल राखले, पण राखले ते सरकारी मालाचे कोठार म्हणून. याचा फटका कुणाला बसला, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सांगितले. गावची गायराने, डोंगर आणि दऱ्या जंगलखात्याने घशात घातल्या आणि गोरगरीब शेतकऱ्याच्या शेरडा-करडांना चरायला जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्याच ग्रंथात त्यांनी डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी मुरवा आणि माती अडवा असेही सुचवले. आज 'पाणलोट विकास' म्हणून ज्याच्या कार्यशाळा भरतात, ते जोतीरावांनी त्या काळी मागितले होते. आपल्या व्याख्यानांतून जोतीरावांचे हे अंग फारसे येत नाही, ते यायला हवे असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर मालक बदलला. धरणे आली, त्यांच्या पाण्याखाली रान गेले आणि गावेही गेली. कोकणात बहुतांश रान खासगी मालकीचे, त्याचा कोळसा होऊन मुंबईच्या चुलींत जळाला. पुढे रस्ते, खाणी, बंगले आणि फार्म हाऊस आले.

आता त्या उसवलेल्या टाक्यांकडे वळू. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाकडे नेहमीची एसटी गेली. चालकाला गाव दिसेना. जिथे घरे होती तिथे चिखलाचा डोंगर. त्यानेच ही खबर बाहेर दिली. १५१ माणसे गेली. महादेव कोळी समाजाचे गाव, वर तीव्र उताराचा डोंगर, आधीचे दोन दिवस धो धो पाऊस. डोंगरावरची झाडी हटवून यंत्राने खाचरे पाडली होती, त्यावरून पुष्कळ वाद झाला. दुसरे ठिकाण तळिये, २२ जुलै २०२१. ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. ज्या महाड तालुक्यात १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याला हात लावून माणुसकीचा हक्क सांगितला, त्याच तालुक्यातले हे गाव.

तिसरे ठिकाण इर्शाळवाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पोटाशी असलेली ठाकर समाजाची ही वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीला रस्ताच नव्हता, म्हणून माती उपसायचे यंत्र वर जाऊ शकले नाही. बचावाला आलेली माणसे कुदळ-फावडे घेऊन पायी चढली आणि चढतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या शासकीय यादीत ही वाडी नव्हती. जी वाडी रस्त्याच्या यादीत नाही ती धोक्याच्या यादीत कशी असणार? वाचलेल्या कुटुंबांनी वर्ष उलटले तरी कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढले.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इर्शाळवाडीच्या भोवती झाडी होती. प्रत्येक दरड कुऱ्हाडीनेच पडते असे नाही. डोंगराचा दगड झिजलेला असतो, उतार उभा असतो आणि पाऊस तर आता महिन्याचा दोन दिवसांत पडू लागला आहे. पण मुळ्या काढून घेतलेला, पोखरलेला, रस्त्यासाठी पायथा कापलेला डोंगर अशा पावसात लवकर सुटतो, याबद्दल जाणकारांत फारसे दुमत नाही. माळीणच्या घटनेला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडला डोंगर कोसळला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या डोंगरउतारांवर चहाचे मळे होते आणि मृतांत मळ्यांतले मजूर होते. नावे तपासा. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, वायनाड. डोंगरावर बंगला असलेला साहेब यांत सापडतो का ते पाहा.

मरण आले नाही त्यांचे जगणे कसे झाले, याचे उदाहरण म्हणजे कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात. खैराचे रान गेले, उरलेल्यात शिरायला बंदी झाली, तेव्हा कातकरी ठेकेदाराच्या कोळसाभट्टीवर गेला. म्हणजे आपलेच रान दुसऱ्यासाठी जाळण्याचे काम त्याला मिळाले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा ठेकेदार उचल देतो, दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाते, आणि हंगाम संपताना हिशेब केला तर अंगावर बाकी निघते. पुढे रायगड-ठाण्याच्या वीटभट्ट्या आल्या, पद्धत तीच राहिली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. तरी श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना त्यानंतरही माणसे सोडवून आणावी लागली. आपल्या मराठवाड्यातली ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

रान विरळ झाले की रोगही वस्तीत येतो. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना रक्तस्रावाचा ताप आला. गोचीड चावून होणारा हा माकडताप. २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात उतरला, पुढच्या वर्षी बांद्याकडे सरकला. काजूच्या बागेत बोंडे गोळा करणाऱ्या मजूर बाया-माणसांना त्याने गाठले, काही दगावलेही. याच सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात डोंगर सफाचट करून रबर आणि अननसाची लागवड झाली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली या पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. तरी तोडीच्या तक्रारी थांबल्या नाहीत.

आता घागर. आपली गोदावरी उगवते त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. दारणा, मुळा, प्रवरा या तिच्या बहिणीही सह्याद्रीतच जन्मतात. हे सारे पाणी पैठणला जायकवाडीत येते आणि १९७६ पासून डाव्या कालव्याने आपल्या परभणीकडे निघते. परभणी जिल्ह्यात पडणारा पाऊस तुटपुंजा आणि लहरी. म्हणजे नाशिक-अकोल्याच्या डोंगरात काय चालले आहे, यावर आपल्या कालव्याला पाणी सुटणार की नाही हे ठरते. वरचे डोंगर उघडे झाले की पाणी एकदम धावत येते, सोबत माती आणते, आणि धरणाच्या तळाशी गाळ बसतो. पाण्याची जागा माती घेते. झाड तोडले की लगेच पाऊस बंद होतो असे बाळबोध गणित मी मांडत नाही. पण झाडे जमिनीतले पाणी वाफ करून पुन्हा हवेत सोडतात हे खरे आहे. तामिळनाडूच्या पावसात सह्याद्रीच्या रानातून उठलेल्या वाफेचा मोठा वाटा असतो, असे मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या गाडीला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ते पाणी कृष्णेचे, आणि कृष्णा निघते महाबळेश्वरच्या रानातून. सह्याद्रीच्या जंगलाशी आमचा संबंध काय, असे विचारणाऱ्या मराठवाड्याच्या तोंडात त्या उन्हाळ्यात सह्याद्रीनेच पाणी घातले. गाडी स्टेशनात आली तरी पाणी वस्तीत पोचायला टँकरच लागतो. तो टँकर गल्लीच्या कोणत्या टोकाला आधी रिकामा होतो, आणि रांगेत उभ्या पोरीची शाळा किती दिवस बुडते, हे आपल्या माताभगिनींना विचारा.

मग शासन काय करते? समित्या नेमते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये अहवाल दिला की घाटाचे नाजूक भाग राखा, आणि काय राखायचे ते ग्रामसभेला विचारून ठरवा. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा होता, आणि तोच पुढाऱ्यांना नको होता. विकास थांबेल म्हणून ओरड झाली. मग कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ मध्ये तिने राखायचे क्षेत्र कमी करून घाटाच्या साधारण ३७ टक्क्यांवर आणले. त्यावर मसुद्यामागून मसुदे निघत गेले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, म्हणजे वायनाडची माती अजून ओली होती त्याच्या दुसऱ्या दिवशी.

दुसरीकडे कायदा आहे तो वनहक्काचा, २००६ चा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली त्याच कायद्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. रान ग्रामसभेच्या ताब्यात दिले तर ते टिकते, हे तिथे पाहता येते. पण या कायद्यात एक अट अशी आहे की ती आपल्या लोकांना भोवते. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जो आदिवासी नाही, म्हणजे जंगलाच्या कडेने राहणारा बौद्ध, धनगर, भटका-विमुक्त, त्याला मात्र त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. १९३० साली मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. किनवट-माहूरच्या रानाकडेला राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावाचा कागद त्या वेळी कोण करत होते?

मी रोज फायली हाताळणारा माणूस आहे, म्हणून एवढे सांगतो. कागद नाही असे ऐकून दावा सोडून देऊ नका. नियम १३ प्रमाणे जुनी मतदारयादी, जनगणनेची नोंद, वनखात्याच्या दंडाची पावती चालते. त्याचबरोबर वस्तीतल्या वृद्ध माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. जुनी विहीर, बांध, घराचे जोते, स्मशान या खुणाही पुरावा धरल्या जातात. एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात. दावा तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे द्यायचा नसतो. तो ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. किनवट, माहूर, हिमायतनगर भागात ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हा अंक तिकडे पाठवावा, आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा जबाब तो बोलता आहे तोवर लिहून घ्यावा.